रिग थांबली, बिलं अडकली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दांडिया बाजारातल्या माझ्या कचेरीत मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार येतात, तशीच ज्यांची मुलं समुद्रातल्या रिगवर, म्हणजे तेलविहिरी खोदणाऱ्या तळावर, कामाला आहेत अशी घरंही येतात. बडोद्याला समुद्र नाही, पण समुद्रावर चूल पेटणारी घरं इथे पुष्कळ आहेत. अलीकडच्या पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. ड्रिलिंग थांबणं, उत्पादन थांबणं आणि तेलगळती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींत नुकसान कोणाचं होतं आणि ते कोण भरून देतं, याची उत्तरंही वेगळी आहेत. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न: मुंबई हायमधलं ड्रिलिंग थांबलं की पेट्रोल लगेच महागतं, असं सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय. खरं आहे का? (कारेलीबाग)

नाही. नवं खोदकाम थांबलं तरी आधी खोदलेल्या विहिरींतून तेल येतच राहतं, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा 85 टक्क्यांहून अधिक भाग तसाही बाहेरून येतो.

प्रश्न: माझा मुलगा कंत्राटदारामार्फत रिगच्या मेसमध्ये काम करतो. चौदा दिवस ऑन, चौदा दिवस ऑफ. रिग डी-हायर झाली (भाड्याने घेतलेली रिग कंपनीने सोडून दिली) म्हणून ‘कळवू तेव्हा ये’ असं फोनवर सांगितलं. पगाराचं काय? (मांजलपूर)

ताई, ‘कळवू तेव्हा ये’ याला कायद्यात काही अर्थ नाही. ही रजा आहे, ले-ऑफ (नोकरी कायम, पण काम नसल्याने तात्पुरतं घरी बसवणं) आहे की नोकरी संपली, हे मुलाने कंत्राटदाराला लेखी विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तरी चालेल, पण उत्तर जपून ठेवावं. ले-ऑफ असेल, मुलाचं नाव हजेरीपटावर असेल, वर्षभराची सलग नोकरी झाली असेल आणि आस्थापनेत पन्नास किंवा अधिक कामगार असतील, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम मागता येते. ऑफचे दिवस सलग नोकरीत कसे धरायचे, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. पगार 21,000 रुपयांच्या आत असेल आणि ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल, तर बेरोजगारी भत्ता मिळतो का हे त्यांच्या शाखेत विचारा.

एक गोष्ट मात्र आजच मुलाला सांगा. कोऱ्या कागदावर किंवा छापील राजीनाम्यावर सही करायची नाही. ‘ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, रिग आली की परत घेतो’ असं सांगून सह्या घेतलेल्या मुलांचे कागद मी पाहिले आहेत. राजीनामा दिला की ले-ऑफचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: आमचं व्हॉल्व्हदुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. आमचा मुख्य कंत्राटदार रिगवाल्या कंपनीला माल पुरवतो. रिग थांबली, तेव्हापासून ‘वरून पेमेंट आलं की देतो’ हेच ऐकतोय. पाच महिने झाले. अमेरिकेत 2010 साली ड्रिलिंग बंद झालं तेव्हा सगळ्यांना भरपाई मिळाली म्हणतात. तसं इथे का होत नाही? (मकरपुरा)

या उत्तराला जागा लागेल, कारण असंच ऐकून लोक हातावर हात ठेवून बसलेले मी पाहतो.

आधी अमेरिकेचं. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला, 11 कामगार गेले आणि विहिरीतून अनेक आठवडे तेल वाहत राहिलं. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारने 500 फुटांहून खोल पाण्यातल्या नव्या खोदकामावर सहा महिन्यांची बंदी घातली आणि 33 रिग थांबल्या. जूनमध्ये कोर्टाने बंदी अडवली, जुलैत सरकारने नव्याने घातली, 12 ऑक्टोबरला उठवली. पण बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं नाही. बंदीत अडकलेल्या प्रकारच्या खोल पाण्यातल्या विहिरीचा पहिला परवाना निघायला फेब्रुवारी 2011 संपत आला. लुइझियानातल्या पोर्ट फोर्चनसारख्या बंदरांत बोटी धक्क्याला बांधून होत्या, आणि वेल्डिंगवाले, केटरिंगवाले, दोरखंड नि पाइप पुरवणारे दुकानदार परवान्याची वाट पाहत होते.

आता भरपाईचं. ती विहीर ज्या बीपी कंपनीची होती, तिने 20 अब्ज डॉलरचा निधी ठेवला, तो गळतीने झालेल्या नुकसानीसाठी. ज्यांची कोळंबी विकली गेली नाही, ज्यांची हॉटेलं रिकामी राहिली, त्यांच्यासाठी. सरकारी बंदीमुळे ज्यांचा धंदा बसला, त्यांचे दावे त्यात बसत नव्हते. थांबलेल्या रिगवरच्या कामगारांसाठी बीपीने 10 कोटी डॉलर वेगळे काढले, आणि सुरुवातीला तेही फक्त रिगवर काम करणाऱ्यांना. तुमच्यासारखा किनाऱ्यावरचा वर्कशॉपवाला आधी दोन्हींच्या बाहेर होता. ‘सगळ्यांना मिळाली’ हे साफ खोटं आहे.

अमेरिकी सरकारचाच अंदाज होता की बंदीमुळे आखाताच्या किनाऱ्यावर 8,000 ते 12,000 रोजगार तात्पुरते जातील. रिग कंपन्यांनी मात्र आपले बरेच कामगार कामावर ठेवले, कारण तयार ड्रिलर पुन्हा मिळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. झळ खाली सरकली. आपल्याकडेही तेच होतं. रिगच्या करारात काम चालू असतानाचा दर वेगळा, स्टँडबायचा (रिग काम न करता थांबून असतानाचा) वेगळा, आपत्तीचा वेगळा, असं सगळं लिहिलेलं असतं. मेसवाल्याला माणशी, दिवसागणिक पैसे मिळतात, म्हणून माणसं उतरली की त्याचा आकडा शून्यावर येतो. आणि व्हॉल्व्हवाल्याकडे बऱ्याचदा करारच नसतो. असतो तो एक फोन आणि माल पोचवल्याचं एक चलन.

त्या चलनाविषयीच मला बोलायचं आहे. मागच्या महिन्यात असंच एक वर्कशॉप पाहिलं. मांडणीवर सहा गेट व्हॉल्व्ह ओळीने ठेवलेले, ग्रीस लावलेले, प्रत्येकाला पिवळा टॅग. त्या एका रिगच्या मापाचे, दुसरीकडे खपणार नाहीत असे. त्याआधी अठरा नग पोचते केलेले होते. त्यांच्या चलनांची गुलाबी प्रत फाइलला होती, पण ‘माल मिळाला’च्या रकान्यात अकरा चलनांवर ना सही, ना शिक्का, ना तारीख. ड्रायव्हर गेटवर माल उतरवून परत आला होता. मालकांचं म्हणणं, ‘पंधरा वर्षांचे संबंध आहेत.’ संबंध असतील, पण दावा लावताना पुरावा म्हणून चलनच पुढे करावं लागतं.

2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा सूक्ष्म आणि लघुउद्योगाच्या बाजूने आहे. लेखी करारात मुदत असेल तर ती 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. पण माल कधी मिळाला हे दाखवायला शिक्का आणि तारीख लागते! मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ‘वरून पैसे आले की देतो’ ही सबब कायदा ऐकत नाही. शिवाय सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च देणाऱ्याला आयकरात वजा मिळत नाही. हे तुमच्या कंत्राटदाराच्या सीएला माहीत आहे. नम्र पत्रात ही ओळ घाला.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं करा. उद्यम नोंदणीची (सरकारकडे लघुउद्योग म्हणून केलेल्या नोंदणीची) तारीख तपासा, कारण ती पुरवठ्याच्या आधीची नसेल तर वाद उभा राहतो. नोंद उत्पादक किंवा सेवा पुरवठादार म्हणून आहे ना, तेही पाहा. नुसत्या व्यापाऱ्याला या कलमांचा फायदा मिळत नाही. मग प्रत्येक बिलापुढे चलन, तारीख आणि थकबाकी लिहून कंत्राटदाराकडून ‘बाकी मान्य आहे’ असं ईमेलवर घ्या. रिग बंद पडल्याच्या पहिल्या महिन्यात हे सहज मिळतं. सहाव्या महिन्यात तो फोनसुद्धा उचलत नाही. नंतर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे असे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज. तो भरण्याआधी वकिलाला किंवा सीएला सगळे कागद दाखवा, अर्जातली एक चुकीची तारीख वर्षभर मागे खेचते.

लुइझियानात रोखीने मासळी विकणाऱ्या कोळ्यांना, त्यातही व्हिएतनामहून येऊन स्थायिक झालेल्या आणि इंग्रजी कच्चं असलेल्या कुटुंबांना, आपलं उत्पन्न सिद्ध करताना नाकी नऊ आले होते. नुकसान खरं होतं, पावती नव्हती. तुम्ही पाच महिने थांबलात, सहावा घालवू नका.

प्रश्न: ऑफशोअर कंपन्यांचे शेअर पडलेत. आता घेऊ का? (गोत्री)

सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा. मी शेअर सांगत नाही.

प्रश्न: सयाजीगंजमधला एक एजंट सौदीतल्या रिगवर नोकरी देतो म्हणतोय. ट्रेनिंग सर्टिफिकेटसह अडीच लाख. अर्धे आधी. (वाडी)

देऊ नका. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते स्वतः तपासा. त्याने दाखवलेल्या लॅमिनेट केलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका. 2024 मध्ये सौदी अरामकोने वीसहून अधिक जॅकअप (समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या) रिगचे करार स्थगित केले, तेव्हा वर्षानुवर्षं काम केलेली माणसं घरी आली. अशा काळात अनुभव नसलेल्या मुलाला ‘हमखास जागा’ सांगणारा मुलाच्या बापाची एफडी पाहून बोलतो आहे. पैसे दिले असतील तर पावती आणि बँकेची नोंद घेऊन पोलिसांकडे जा.

प्रश्न: बायकोचं माहेर उरणजवळ करंजाचं. मेहुण्याने मासेमारी कमी करून सप्लाय बेसच्या (रिगना सामान पुरवणाऱ्या न्हावाच्या तळाच्या) कामगारांसाठी आठ खोल्या बांधायला घेतल्या आहेत. कर्जाला मी जामीन राहावं म्हणतो. सासरेबुवांचा आग्रह आहे. (दांडिया बाजार)

नात्यातला प्रश्न आहे, म्हणून सरळ लिहितो. त्या खोल्यांचं भाडं न्हावाच्या तळावर आणि समुद्रातल्या कामावर उभं आहे. समुद्रातल्या बांधकामाचे बार्ज (सपाट तळाची मोठी जहाजं) पावसाळ्यात परत येतात, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते. म्हणजे एरवीसुद्धा मेहुण्याची दोन्ही उत्पन्नं एकाच वेळी आटतात. त्यात ड्रिलिंग थांबलं तर खोल्या ऑक्टोबरनंतरही रिकाम्या राहतील. रिग गेल्या की मासळी वाढेल, हा त्याचा हिशेबही धरू नका. प्लॅटफॉर्म जागेवरच राहतात आणि त्यांच्याभोवतीचा 500 मीटरचा प्रतिबंधित पट्टाही राहतो.

आठाच्या जागी चार खोल्या, बोट विकायची नाही आणि सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला, एवढं मेहुण्याला मान्य असेल तर विचार करा. जामीनपत्रात रकमेची मर्यादा लिहून घ्या. मसुदा सही करण्याआधी वकिलाला दाखवा, बँकेच्या टेबलावर बसून वाचू नका. आणि सासरेबुवांशी फोनवर बोलू नका, करंजाला जाऊन बोला, बायकोला सोबत घेऊन.