आई ८३ वर्षांची, फार थकली आहे. आठवड्यातून एकदा स्वयंसेवक येऊन तिच्याशी गप्पा मारतो. नुसत्या गप्पांनी तब्येतीत खरंच फरक पडतो का?

पडतो. माझ्या दादाला हे अजून पटलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

बाबांचं वजन उतरलं होतं, पेला दोन्ही हातांनी धरायचे, पलंगापासून खिडकीपर्यंत जातानाही मध्ये खुर्ची धरून थांबायचे. दिवसभराची बाई होती, औषधं वेळेवर होती. कानाचं यंत्र मात्र खणात पडून. "ऐकायचंय कोणाचं?" म्हणायचे. मग एका संस्थेतर्फे कॉलेजातला मुलगा दर मंगळवारी चारला यायला लागला. दादा म्हणाला, "पगारी माणूस घरात असताना हा कशाला? त्याला येतं काय?" खरंच काही येत नव्हतं. पत्तेसुद्धा बाबांनीच शिकवले त्याला. पण महिन्याभरात मंगळवारी तीन वाजताच बाबा यंत्राची बॅटरी मागायला लागले. दाढी करायचे. तो आला का बघायला खिडकीपर्यंत न थांबता जायचे. बाई जीव लावून करायची, पण ती कामाला येते हे त्यांना ठाऊक होतं. हा पोरगा का येतो, ते त्यांना कळायचं नाही आणि त्याचीच मजा वाटायची.

पुरावा हवा असेल तर व्हिएन्नातला प्रयोग आहे, २०१६ साली छापून आलेला. शिकवून तयार केलेले स्वयंसेवक अशा थकलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे गेले. एका गटाला व्यायाम आणि आहाराचं मार्गदर्शन, दुसऱ्याला मुख्यतः सोबत. मुठीतली ताकद व्यायामवाल्यांचीच वाढली, पण जर्जरपणा सोबतीच्या गटातही घटला. माणसं ८०च होती, तेव्हा फार उड्या मारू नका. आणि तुमच्याकडे एकच भेट आहे, तेही धरा.

आणखी एक. परीक्षा आली आणि आमचा मुलगा न सांगता यायचा बंद झाला. तीन मंगळवार बाबा बॅटरी घालून बसले. त्यापेक्षा कोणी आलंच नसतं तर बरं, असंही तेव्हा वाटलं. संस्थेला आधीच विचारा, किती महिने येणार आणि सोडताना सांगणार का. आईला गप्पा नकोच असतील तर लादू नका.

दादाचं म्हणणं, बॅटरीची आठवण बाबांना मीच करून द्यायचो. मी एकदाही करून दिली नव्हती.