डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळात हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) खर्चून मंत्र टाकणारा क्लास (पात्राचा प्रकार) फारच भारी पडतोय, काय करू?
खरी गळती क्लेरिकपाशी, म्हणजे जखमा भरून काढणाऱ्या पुजाऱ्यापाशी आहे. फोंड्याला आमच्या रविवारच्या टेबलावर हेच झालं: गड्याने रक्त देऊन, म्हणजे हिट पॉइंट खर्चून, फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकला, क्लेरिकने पहिल्या लेव्हलच्या स्लॉटात (मंत्र टाकायची मोजून मिळणारी संधी) त्याला भरून काढलं, की परत फायरबॉल! बाहेर धो धो पाऊस, आत आगच आग. म्हणून खर्चलेले पॉइंट कमाल हिट पॉइंटमधूनच कापा, लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत) परत नाहीत.

किंमत? खेळाच्या पाचव्या आवृत्तीत फायरबॉलचं नुकसान 8 डी6 (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी 28. त्याला 5 पॉइंट म्हणजे फुकटच. मी 12 घेतो. पाचव्या लेव्हलला हिट पॉइंटचा फासा डी8 (आठ बाजूंचा) आणि कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) +2 असेल तर हातात 38 हिट पॉइंट. तीन टाकले की 2 उरतात. त्याच लेव्हलच्या विझर्डला (नेहमीच्या जादूगाराला) फायरबॉलसाठी लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच असतात, तेव्हा तिसरा जिवावर उदार होऊनच टाकू दे.