डिसेंबरच्या थंडीत पिल्लं दगावतात : शेड बंद करू नका, कोपरा तापवा

गोव्यात वाळपईकडे डुकरीण नऊ पिल्लं व्याली, तीन दुसऱ्या पहाटे गार पडलेली सापडली, म्हणून शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावायचं का, असं तुम्ही विचारलंय. लावू नका. आत दमटपणा कोंडतो, मुताचा वास डोळ्यांना झोंबायला लागतो आणि आठवड्याभरात डुकरं खोकू लागतात. पत्र्याला आतून सुटलेलं पाणी पहाटे पिल्लांच्याच अंगावर ठिबकतं, ते वेगळंच.

मुळात आईला १८ ते २२ अंश पुरतात, नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ लागतात. अख्खी शेड तापवली तर आई धापा टाकणार, दूध कमी करणार. नाही तापवली तर पिल्लं उबेसाठी तिच्या कुशीत घुसणार आणि ती कूस बदलताना चिरडणार. तुमच्या तिनातलं एखादं तसंच गेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

म्हणून पिल्लांसाठी वेगळी पेटी. ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, वर उघडता येणारं झाकण, पुढे १० इंचांचं दार, म्हणजे आई आत शिरत नाही. खाली लाकडी फळ्या, कारण सिमेंट अंगातली ऊब ओढून घेतं. त्यावर भाताचा सुका पेंढा चार-पाच इंच, वीतभर तुकडे करून. लांब पेंढ्यात पिल्लांचे पाय गुरफटतात. ओला झालेला पेंढा रोज काढायचा. वरून १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, तारेच्या जाळीत. एलईडी लावून उपयोग नाही, उजेड पडतो, ऊब नाही. होल्डर चिनी मातीचा हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. वजन साखळीवर, वायरवर नाही, आणि वायर आईच्या तोंडापासून लांब.

थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. पण खरं ते पिल्लंच सांगतात: एकावर एक ढीग केला की थंडी, भिंतीला चिकटून दूर पसरली की उष्मा, शेजारी-शेजारी कुशीवर आडवी झोपली की बरोबर. पहिल्या आठवड्यानंतर दर आठवड्याला साधारण दोन अंश कमी करत जा. आपल्याकडे दुपारी ३२ पर्यंत चढतं, तेव्हा बल्ब बंद. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवा.

पहाटेचा वारा घाटाकडून, पूर्वेकडून येतो. त्या बाजूला जमिनीपासून तीन-साडेतीन फूट माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधा, वर छपराखाली फूटभर फट मोकळी. शेड धुवायची तर अकराच्या उन्हात. संध्याकाळी पाणी मारून ओली ठेवलेली फरशी थंडीपेक्षा जास्त पिल्लं मारते.

पिल्लू गार, लुळं सापडलं तर लगेच दूध पाजू नका. थंड पिल्लाला गिळता येत नाही, दूध छातीत जातं. आधी मान वर धरून ३८-४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, फडक्याने खसखसून कोरडं करा, पेटीत ठेवा, तोंडात बोट घातल्यावर चोखू लागलं की मगच आईच्या सडाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक मिळालाच पाहिजे, त्याच्याशिवाय बल्ब कितीही जळू दे, उपयोग नाही.

मोठ्या डुकरांची काळजी करू नका. आगोंद गोवन जातीच्या काळ्या केसाळ डुकरांना तर सुका पेंढा पुरतो. पांढऱ्या यॉर्कशायर या विलायती जातीच्या संकरांना मात्र तो थोडा जास्त घाला.