लुईज गुराकुची हे अल्बेनियाचे शिक्षणमंत्री होते की अर्थमंत्री? त्यांचा मृत्यू कसा झाला?

दोन्ही, पण मध्ये अकरा वर्षांचं अंतर आहे. दोन वेगळी सरकारं एकच समजली की गोंधळ होतो.

श्कोदर शहरात १८७९ साली जन्म, शिक्षण दक्षिण इटलीतल्या अल्बेनियन वस्तीतल्या महाविद्यालयात. १९०८ च्या मोनास्तिर परिषदेला ते होते. तोवर अल्बेनियन भाषा लॅटिन, ग्रीक, अरबी अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाई. परिषदेने लॅटिनकडे कौल दिला खरा, पण एकमत न झाल्याने दोन वर्णमाला मंजूर केल्या. पुढच्याच वर्षी एल्बासानला शिक्षक घडवणारी शाळा निघाली, तिचे पहिले संचालक गुराकुची. माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम हेच, कारण शिक्षकच नसतील तर नव्या वर्णमालेचा उपयोग काय?

२८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा इथे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली आणि इस्माइल केमाली यांच्या हंगामी सरकारात ते शिक्षणमंत्री झाले. अर्थखातं मिळालं १९२४ साली, फान नोली यांच्या सरकारात. ते सरकार जूनमध्ये आलं आणि डिसेंबरात युगोस्लाव्हियाच्या मदतीने परतलेल्या माजी पंतप्रधान अहमद झोगूंनी उलथवलं. बाहेरून मान्यता नाही, कर्ज नाही; अशा तिजोरीचा मंत्री करणार तरी काय!

गुराकुची इटलीला निसटले. २ मार्च १९२५ रोजी बारी शहरात बाल्तिऑन स्तांबोला याने त्यांना गोळ्या घातल्या. हत्येमागे झोगूच होते, असं सर्रास मानलं जातं. श्कोदरच्या विद्यापीठाला आज गुराकुचींचं नाव आहे.