शोभेच्या पानांच्या झाडांच्या नवीन प्रजाती अजूनही सापडतात का?

हो, सापडतात की, आणि बऱ्याच. बेगोनियाच्याच २००० हून जास्त प्रजाती नोंदवल्या गेल्यात आणि भर पडतेच आहे. बोर्निओतल्या सारावाकमधली बेगोनिया डार्थव्हेडेरियाना घ्या, जवळजवळ काळी पानं आणि कडेला पांढरी किनार, तिला नाव मिळालं थेट २०१४ मध्ये!

पण पान वेगळं दिसलं म्हणजे नवीन प्रजाती असं अजिबात नाही हं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉनसारख्या वेलींचं लहानपणीचं पान आणि खोडावर चढल्यानंतरचं पान इतकं वेगळं असतं की दोन वेगळी झाडं वाटावीत, म्हणून शास्त्रज्ञ फुलोरा बघतात, जुने वाळवलेले नमुने काढून ताडून बघतात, मग एक नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, कायमचा ठेवून वर्णन छापतात, तेव्हा कुठे नाव अधिकृत होतं. वर्णन आधी लॅटिनमध्येच लागायचं, २०१२ पासून इंग्रजीही चालतं. गंमत म्हणजे काही झाडं नर्सरीत आधीच विकली जात असतात, नाव नंतर मिळतं.

आणि नवीन झाड सापडलं ती नेमकी जागा बरेच शास्त्रज्ञ मुद्दाम छापत नाहीत, कारण ती कळली की झाडं उपटून नेणारे तिथे पोचतात. मला तर हे बरोबरच वाटतं.