वेद नंतर, आधी वळ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ज्ञानदेव आणि रेड्याच्या गोष्टीवरच्या तुझ्या बालपुस्तकाचं हस्तलिखित मंगळवारी पोचलं. त्याच रात्री वाचलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या पहिलीतल्या पोराला समोर बसवून मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या पानाला तो पाणी प्यायला म्हणून उठला. परत आला आणि म्हणाला, "रेडा आला का?" नव्हता आला. तुझा रेडा सातव्या पानावर येतो.

तू लिहिलंयस ते सगळं परंपरेला धरून आहे. पैठणची सभा, शुद्धिपत्र म्हणजे परत जातीत घेतल्याचा दाखला, पाण्याची पखाल वाहणारा रेडा, त्याच्या मस्तकावर ठेवलेला हात, वेदघोष. शेवटी 'बालमित्रांनो, यावरून आपण काय शिकलो?' त्या ओळीवर मी लाल पेनानं काट मारली आहे. रागावू नकोस, माझ्या पहिल्या पुस्तकातही ती होती.

पण पुस्तकाचं नाव तू 'माउलींचा मित्र' ठेवलंयस आणि माझं अडतं ते तिथंच. तुझा रेडा येतो, वेद म्हणतो आणि जातो. त्याचा तू लाउडस्पीकर केलायस, पोरी. मैत्री कुठंय?

ती गोष्टीतच आहे, तू अर्ध्या ओळीत उरकलीस. लहानपणी कीर्तनात ऐकलेली गोष्ट आठव. सभेतला कुणीतरी कुत्सितपणे म्हणतो, नावात काय आहे, तो पखालीचा रेडापण ज्ञानाच! ज्ञानदेव शांतपणे म्हणतात, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढतात आणि वळ उठतात ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. वेद त्यानंतरचे. सहा वर्षांच्या मुलाला वेद म्हणजे काय ते ठाऊक नसतं, वळ म्हणजे काय ते चांगलं ठाऊक असतं. आपल्या मित्राला मास्तरांनी मारलं की आपल्या पोटात काय होतं, तेही.

आणि ही दोघंही कुणाला नको असलेली. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं आणि दिवसभर ओझं वाहून फटके खाणारं जनावर. 'शुद्धिपत्र' समजवायला तू दीड पान घेतलंस. 'त्यांना कुणी खेळायला घेत नसे' एवढं लिही, वर्गातल्या प्रत्येक पोराला लख्ख कळेल. त्यामुळे सभेतली माणसं राक्षसासारखी रंगवायचा मोहही टळेल. तुझ्या चित्र-सूचनेत त्यांचे डोळे लाल आहेत. ते काढ. खेळायला न घेणारी मुलं राक्षस नसतात, म्हणून तर जास्त लागतं.

दोघांचं नाव एकच, ही तर मुलांच्या मैत्रीची आयती सुरुवात आहे. "तुझं नाव ज्ञाना? माझंपण!" बालवाडीत दोन आर्या एकत्र आल्या की काय होतं, तू पाहिलंच असशील. पहिल्या पानावर हे घे. ज्ञानेश्वरीचं लेखन संपलं ते शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात. प्रचलित जन्मसाल धरलं तर तेव्हा ते पंधरा वर्षांचे. पैठणची गोष्ट त्याच्याही आधीची. म्हणजे तुझा नायक मुलगा आहे. कॅलेंडरवरचे ध्यानस्थ माउली काही दिवस भिंतीकडे तोंड करून ठेव.

गायबगळा मात्र तुझा स्वतःचा आणि तो मला फार आवडला. रेडा चालला की गवतातले किडे उडतात, ते टिपायला बगळा मागे-मागे, कंटाळला की पाठीवर. हे खरं आहे, कुठल्याही बांधावर दिसतं. फक्त त्याला बोलतं करू नकोस. तुझा बगळा पहिल्या पानापासून वटवट करतो, मग रेडा बोलला यात नवल ते काय राहिलं? या पुस्तकात एकच प्राणी बोलेल आणि एकदाच.

तू विचारलंयस, श्रद्धेचं पुस्तक लिहिताना 'असं म्हणतात', 'अशी आख्यायिका आहे' घालावं का? मी माळकरी नाही, तरी सांगते, नको. गेल्या वर्षी तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबापाशी, माउलींच्या पालखीचं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधली घोड्यांची दौड, बघायला गेले होते. बेळगावकडच्या अंकलीहून येणारे दोन घोडे, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. माझ्या पुढ्यात आजीच्या कडेवर एक पोरगं होतं. त्यानं विचारलं, "त्या घोड्यावर कोणच न्हाई?" आजी म्हणाली, "माउली हाय की." पोरानं जरा निरखून पाहिलं. "पाय दिसत न्हाईत." "दिसत न्हाईतच ते," म्हणत आजी खाली वाकली, टापांखालची माती उचलली, आधी पोराच्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. तिनं 'अशी श्रद्धा आहे बरं का' असं म्हटलं नाही. तो घोडा खोटा असल्याची शंकाही कुणाला आली नाही. निवेदन त्या आजीच्या आवाजात कर.

पसायदानातली 'भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें' ही ओळ तू चार वेळा वापरलीस. एकदाच ठेव, मलपृष्ठावर. आत ती न म्हणता दिसली पाहिजे.

आता भाषा. पहिली-दुसरीच्या मुलानं स्वतः वाचावं असं वाटत असेल तर जोडाक्षरं मोज. 'ज्ञानेश्वर' शब्दातच दोन आहेत. त्यातला 'ज्ञ' मुळाक्षरांच्या तक्त्यावर असतो म्हणून 'ज्ञाना' चालेल, 'माउली' तर त्याहून सोपं. 'शुद्धिपत्र', 'ब्रह्मवृंद', 'प्रकांड' हे तिघं बाहेर. चोवीस पानांत सहाशे शब्द पुष्कळ झाले, तुझे अठराशे आहेत. वळ उठतात त्या जोडपानावर तर एकच ओळ हवी. असं काहीतरी:

'आसूड बसला रेड्याला. कळ आली ज्ञानाला.'

बाकी सगळं चित्रावर सोड.

चित्रांबद्दल एक सावधगिरी, माझ्याच अनुभवातून. एका पुस्तकात चित्रकारानं इंटरनेटवर बघून झकास म्हैस काढली. छापून आल्यावर एका शेतकऱ्यानं दाखवून दिलं की ही आफ्रिकेतली रानम्हैस, कपाळावर शिंगांचं हेल्मेट असलेली. हजार प्रती. पैठण मराठवाड्यात, तेव्हा मराठवाडी म्हशीच्या जातीचा रेडा बघ. लांब शिंगं, मानेला समांतर मागे खांद्याकडे गेलेली. चित्रकाराला फोटो नको पाठवूस, बाजाराच्या दिवशी घेऊन जा. पखालही दाखव. ती कातड्याची असते, तुझ्या कच्च्या चित्रात ती पत्र्याच्या टाकीसारखी दिसते. जमलं तर जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला दोघंही जाऊन या. तिथं त्या रेड्याची समाधी आहे. जनावराची समाधी बांधून तिला हार घालणारी माणसं बघितलीस की तुझ्या शेवटच्या पानाचं काय करायचं ते मला विचारावं लागणार नाही.

चित्रकाराशी लेखी करार कर, तो वर्गमित्र असला तरी. वर्गमित्र असला तर जास्तच. पैसे दिले म्हणजे चित्रं आपली झाली, असं गृहीत धरू नकोस. हक्क लिहून घे. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या अमेरिकेतल्या एखाद्या मराठी शाळेनं तिथंच पुस्तक छापायचं म्हटलं की तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत बसाल. जुन्या संतांच्या अभंग-ओव्यांना परवानगी लागत नाही, पण कुणा आधुनिक लेखकानं केलेलं त्यांचं रूपांतर उचललंस तर लागते.

आधी प्रकाशकांकडे पाठव. सहा महिने थांबायची तयारी ठेव. 'धार्मिक' म्हणून एक नाकारेल, 'पुरेसं धार्मिक नाही' म्हणून दुसरा. स्वतः छापायचं ठरलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, लेखक-प्रकाशकालाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नमस्कार कर. पानं आठाच्या पटीत ठेव, मधे पिना मारून होईल. किंमत ठरवताना वितरक निम्म्याच्या आसपास मागेल हे गृहीत धर, नाहीतर पुस्तक खपूनही तुझ्या खिशातून जाईल. पहिल्यांदा पाचशेच प्रती. उरलेले गठ्ठे दिवाणखान्यात घेऊन राहणारे लेखक मी पाहिलेत, त्यांच्यातली एक हे पत्र लिहितेय.

छापण्याआधी 'ऱ्या' प्रत्येक पानावर स्वतः तपास. फॉन्ट बदलताना तोच पहिला मोडतो आणि वारकऱ्यांच्या पुस्तकात 'वारकऱ्यां'चीच मोडतोड बरी दिसत नाही.

आषाढाआधी कागद दुमडून, शिवून कच्ची डमी कर आणि पाठव. पेन्सिलची चित्रं चालतील. शेजारचा पोरगा रोज विचारतोय, रेडा आला का.

तुझी,
मावशी