लॉगबुकवर नाव आलं, म्हणजे गाडी तुमची झाली का?

प्रश्न : आम्ही नुकतेच भारतातून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहायला आलो. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या ओळखीतून एका गृहस्थांकडून २०१५ ची होंडा जॅझ घेतली. ५,२०० पौंड बँकेतून पाठवले. त्यांनी आमच्यासमोरच मोबाइलवर काहीतरी भरलं, लॉगबुकमधली (म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदातली) हिरवी चिठ्ठी फाडून हातात दिली आणि म्हणाले, ‘झालं, गाडी तुमची. टॅक्स मार्चपर्यंत भरलाय, काळजी नको.’ ना सह्या, ना साक्षीदार, ना आरटीओची फेरी. सासरे म्हणतात, आधी नावावर होऊ दे, मगच चालवा. गाडी कायद्याने आमची झाली का? आणि आता चालवायची का?
– एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : टॅक्सचं उत्तर मी तुम्हाला लगेच मेलवर कळवलं होतं, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. बाकीच्यांसाठी पुन्हा लिहिते.

गाडी थांबवा हे सासऱ्यांचं म्हणणं बरोबर, फक्त कारण वेगळं आहे. ब्रिटनमध्ये २०१४ च्या ऑक्टोबरपासून गाडीबरोबर टॅक्स येत नाही. विकणाऱ्याने डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, ‘गाडी विकली’ असं कळवलं की त्याचा टॅक्स रद्द होतो आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत जातात. म्हणजे त्या गृहस्थांनी तुमच्यासमोर मोबाइलवर जे भरलं, त्यानेच तो ‘मार्चपर्यंतचा’ टॅक्स संपला. त्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. इथे जन्म गेलेल्यांनाही हे ठाऊक नसतं. हिरव्या चिठ्ठीवर बारा आकडी नंबर असतो, तो घालून टॅक्स ऑनलाइन भरता येतो. तुमचा टॅक्स चालू महिन्याच्या एक तारखेपासून धरतात आणि विकणाऱ्याला त्या महिन्याचे पैसे परत मिळत नाहीत. थोडक्यात, त्या एका महिन्याचा टॅक्स सरकार दोघांकडूनही घेतं. चरफडा आणि भरा, कारण नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे रस्तोरस्ती आहेत.

एमओटीचं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का याच्या वार्षिक तपासणीचं, मात्र उलट. ते सर्टिफिकेट गाडीचं असतं, मालक बदलला तरी मुदत संपेपर्यंत चालतं.

विमा तुमचा स्वतःचा हवा, आणि गाडी हलवण्याआधी हवा. ‘माझ्या पॉलिसीत दुसऱ्यांच्या गाड्याही चालतात’ असं सांगणारे मित्र भेटतील. ती सवलत असली तरी साधारणपणे स्वतःच्या मालकीच्या गाडीला लागू होत नसते, आणि पैसे दिल्यावर ही गाडी तुमचीच. विम्याशिवाय पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट. अर्ज भरताना लायसन्स भारतीय आहे हे स्पष्ट लिहा, हप्ता वाढला तरी. इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच त्यावर गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते.

आता मुख्य प्रश्न, गाडी तुमची झाली का. मी बरीच वर्षं एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम पाहायचे. चोरीला गेलेल्या गाडीच्या फायलीत लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, बहुतेक जण हौसेने जोडायचे. ‘खरेदीची पावती?’ असं विचारलं की पलीकडे शांतता. लॉगबुकवर नाव कोणाचं, तर गाडी वापरणाऱ्याचं, म्हणजे टॅक्स, दंड, पोलिसांची पत्रं ज्याच्या पत्त्यावर जायची त्याचं. तो कागद मालकीचा पुरावा नाही, हे खुद्द लॉगबुकवरच छापलेलं असतं. मालकी ठरते ती विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का आणि तुम्ही पैसे दिलेत का, यावरून.

म्हणून आजच त्या गृहस्थांना फोन करा आणि पावती मागा. वकील वगैरे नको, साधा कागद पुरे. वर तारीख. मग दोघांची नावं-पत्ते, गाडीचा नंबर, चासी नंबर, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, ५,२०० पौंड बँकेतून मिळाले, आणि शेवटी ‘गाडी माझ्या मालकीची होती, तिच्यावर कोणतंही कर्ज बाकी नाही’ हे वाक्य. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. चासी नंबर लॉगबुकवरून उतरवू नका, गाडीवरचा पाहून लिहा. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरूनही दिसतो. लॉगबुक आलं की त्याच्याशी ताडून पाहा.

कर्जाच्या वाक्यावर मी अडून बसते त्याला कारण आहे. इथे निम्मी दुनिया हप्त्यावर गाडी घेते आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्स कंपनी असते. लॉगबुकवर तिचं नाव औषधालाही सापडत नाही. दहा-वीस पौंडांत गाडीचा पूर्वेतिहास काढून देणाऱ्या खासगी सेवा आहेत, त्यात बाकी असलेलं कर्ज, चोरीची नोंद, अपघातात निकालात काढलेली गाडी असं सगळं निघतं. पैसे देण्याआधी करायचं काम हे, पण तुम्ही आताही करा. समजा कर्ज निघालंच, तर घाबरून गाडीची किल्ली कोणाच्या हाती देऊ नका. १९६४ च्या हायर पर्चेस (हप्त्याने खरेदी) कायद्याचं २७ वं कलम तुमच्यासारख्या खासगी गिऱ्हाइकाला सांभाळून घेतं : कर्जाची कल्पना नसताना, सचोटीने घेतली असेल तर मालकी तुम्हाला मिळते. गाडी तारण ठेवून काढलेलं ‘लॉगबुक लोन’ असेल तर मात्र या कलमाचा उपयोग नाही. तेव्हा आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्या.

नवीन लॉगबुकची चिंता सगळ्यात कमी. विकणाऱ्याने ऑनलाइन कळवलं असेल तर आठवडाभरात डीव्हीएलएच्या स्वान्झीच्या कार्यालयातून पोस्टाने येतं. चार आठवड्यांत आलं नाही, तर लॉगबुक मागवायचा व्ही६२ फॉर्म भरा. हिरवी चिठ्ठी सोबत जोडली की त्याला फी नाही, चिठ्ठी नसेल तर २५ पौंड. चिठ्ठी पाठवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : गाडी आवडली आहे, भावही बरा आहे. पण लॉगबुक घर बदलताना हरवलं, नंतर पाठवतो, असं मालक म्हणतात. घ्यावी का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नको. हरवलं असेल तर २५ पौंड भरून त्यांना दुसरं मागवता येतं. ते आलं की पुढचं बोला. ‘तेवढी फी मी देतो’ म्हणून पाहा. त्यालाही टाळाटाळ झाली तर प्रश्न लॉगबुकचा नाही. नवं आलं की उजेडासमोर धरा, ‘डीव्हीएल’ हा जलचिन्हाचा ठसा दिसायला हवा. आणि भेट लॉगबुकवर छापलेल्या पत्त्यावरच, त्या घराच्या दारातच ठरवा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये नको.